अर्धी टाकी

परत आल्यापासून आमच्या सुरतेच्या डिंडोलीतल्या सोसायटीत जी ती विचारते, "केवी रही ट्रिप?" मी म्हणते, मस्त. त्यापुढे काही बोलत नाही. पुढचं सांगायला बसलं की समोरची हसते. मी भित्री आहे हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. लिफ्टमध्ये मी एकटी चढत नाही. झोपण्याआधी गॅसचं बटण दोनदा बघते. घरात कुणाला यायला उशीर झाला की देव पाण्यात घालते. त्यामुळे माझ्या भीतीला आमच्याकडे कवडीची किंमत नाही. पण या वेळची भीती वेगळी होती, म्हणून लिहून काढते आहे. ज्यांना घरासारख्या गाडीतून फिरायला जायची हौस आली असेल, त्यांनी आधी हे वाचावं आणि मग सामान बांधावं.

गाडी माझ्या दिराची, सुनीलची. उधन्याला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कापड रंगवायच्या मिलना लागतात त्या स्टीलच्या मोठाल्या टाक्या तो बनवतो. त्याच्या डोक्यात आलं की कॅराव्हॅन तयार करायची आणि भाड्याने द्यायची. एक जुनी मिनीबस घेतली, आत पलंग टाकला, ओटा केला, शेगडी बसवली, कोपऱ्यात उभं राहण्यापुरती न्हाणी काढली. आणि मागच्या पलंगाखाली, गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पाण्याची टाकी. टाकी बनवताना सुनीलचा हात आखडत नाही. चार पिंपांचं पाणी मावेल एवढी ती मोठी. पलंगाशेजारी एक पारदर्शक नळी उभी केलेली, तिच्यात आतलं पाणी किती ते दिसायचं.

"आधी तुम्ही फिरून या वहिनी," तो म्हणाला, "काय कमी-जास्त असेल ते सांगा. मग गिऱ्हाइकाला देतो."

म्हणजे औषध आधी आमच्यावर वापरून बघायचं. पण आमचे प्रकाशराव लगेच तयार. सगळा जन्म लूमच्या खडखडाटात फोरमनकी करण्यात गेला, आता कुठे मोकळे झाले होते. सापुतारा ठरलं. सोबत त्यांची आई, जिला आम्ही सगळेच माय म्हणतो.

डिंडोली ते वघई

भादवा संपत आला होता. निघायच्या दिवशी सकाळी टाकी भरायचं काम मायने कोणाला करू दिलं नाही. पाइपच्या तोंडाला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि पाणी काठोकाठ येऊन बाहेर सांडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माय सिंदखेड्याकडची. तिचं तरुणपण डोक्यावर हंडा घेऊन गेलं. विहिरीवरून घर आणि घरावरून विहीर. सुरतेत येऊन एवढी वर्षं झाली, चोवीस तास नळ आहे, तरी भाजी धुतलेलं पाणी ती कुंडीत घालते आणि कोणी अर्धा पेला ओतून दिला तर दिवसभर बोलत नाही. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, नळाखाली. पाणी काय असतं ते मला कळलं लग्नानंतर, नवागामला राहत असताना, खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा. पलंगावरचं पाणी ओट्यावर आलं, ओट्यावरचं कपाटावर, आणि पोरं काखेत घेऊन मी शेजाऱ्यांच्या गच्चीवर तीन दिवस काढले. तेव्हापासून मला साठलेलं पाणी आवडत नाही. मायला पाणी संपायची भीती आणि मला ते जवळ असण्याची.

आणि या दोन पक्षांच्या मधे प्रकाशराव. बिचाऱ्यांचा स्वभावच असा की दोघींपैकी एकीलाही नाही म्हणवत नाही. भाजी मायला तिखट हवी, मला फिकी, म्हणून ते अर्धी काढून ठेवायला सांगतात. पंखा मी पाचवर करते, माय एकवर, की हे उठून तीनवर करतात. बायकोलाही राजी ठेवायचं आणि आईलाही. संसार असाच चालला आणि चांगला चालला, नाही कशाला म्हणू?

नवसारी, चिखली, वांसदा. गाडी जड होती पण सरळ चालत होती. मी मागे पलंगावर आडवी झाले तर अंगाखालून बारीक आवाज यायचा, कोणीतरी ओठ मिटून हुंकार द्यावा तसा. मी उठून बसले ती बसूनच राहिले. माय मात्र त्याच पलंगावर अशी गाढ झोपली की वांसद्याचं जंगल सुरू झालं तरी तिला कळलं नाही. जन्मभर पाण्याच्या मागे धावलेल्या बाईला चार पिंपं पाण्यावर झोपायला मिळालं, मग काय.

वघईला जेवलो. एका डांगी बाईने चुलीवर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी भाजून दिल्या, काळपट, मऊ, सोबत उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. आपल्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा असतो, त्याचीच ही चुलतबहीण. मायने भाकरी हातात उलटीसुलटी करून बघितली आणि त्या बाईला आपल्या अहिराणीत विचारलं, "पीठ उकळता पानीमा मळस का?" बाईने डांगी बोलीत काहीतरी उत्तर दिलं. एकीचं दुसरीला शब्दागणिक कळलं नसावं, पण दोघी खूप वेळ बोलत होत्या. मी हात धुतले. मायने माझ्या हातावर पाणी घालताना धार एवढी बारीक धरली की साबण निघेना.

घाट चढताना इंजिन कण्हत होतं. भरलेली टाकी मागे खेचत होती, पण गाडी कुठे डगमगली नाही. मी डोळे मिटून बसले होते. प्रकाशराव म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतीस."

सापुतारा

तिथले दोन दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू. धुकं इतकं की तलाव आहे हे फक्त वासावरून कळायचं. एका हॉटेलवाल्याने त्याच्या आवारात गाडी लावू दिली. मके खाल्ले, भजी खाल्ली. गाडीतल्या न्हाणीत अंघोळ हा एक वेगळाच प्रकार. दार लावलं की साबण घ्यायला वाकता येत नाही, वाकलं की ढुंगणाने नळ सुरू होतो. मी एकदा नळ सुरू ठेवून केस धुतले तर बाहेरून दारावर थाप. "बंद कर व पोरी, पानी जाई राहिनं!" माय नळीपाशी उभी राहून पातळी उतरताना बघत होती. ती स्वतः एका तांब्यात अंघोळ उरकायची आणि उरलेलं पाणी पायांवर घ्यायची. तिला भ्यायचं की तिचं कौतुक करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने हॉटेलवाल्याच्या नळाला पाइप जोडून टाकी पुन्हा काठोकाठ भरून घेतली.

सकाळी मी ते बघितलं. आता घाट उतरायचा होता. मी म्हणाले, "एवढं वजन घेऊन उतरायचं? ब्रेक लागतील का? सगळं पाणी काढून टाका. संध्याकाळी घरीच पोचायचंय."

माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चांगलं पानी कसाले फेकानं? रस्तामा गाडी बंद पडनी तं? मी सांगी ठेवस, पानी फेकानं नही."

"माय, खाली वघईला पाणी मिळतं."

"तुले काय माहीत शे?"

मी प्रकाशरावांकडे बघितलं. मायनेही बघितलं. ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघून म्हणाले, "हे बघा, भांडू नका. अर्धं काढू, अर्धं ठेवू. वजनही कमी झालं आणि पाणीही राहिलं."

हॉटेलवाल्याच्या बागेत त्यांनी नळीत बरोबर निम्म्यावर येईपर्यंत पाणी सोडलं. मला वाटलं, चला, माझं अर्धं तरी ऐकलं.

घाट

पहिल्या वळणावर मागून कोणीतरी गाडीला खांदा मारला.

मला खरंच वाटलं की दुसरी गाडी धडकली. मी मागे वळून बघितलं तर मागे फक्त धुकं. दुसरं वळण उलट्या बाजूला होतं. गाडी वळली आणि पलंगाखालून मोठा आवाज आला, धप्प, आणि गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलला गेला. प्रकाशरावांनी स्टिअरिंग फिरवलं. ते पाणी तेवढ्यात परत निघालं होतं, ते या बाजूला येऊन आदळलं. आता त्यांनी स्टिअरिंग उलटं फिरवलं. त्यांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"बोलू नकोस."

बोलू नकोस, असं ते मला कधी म्हणत नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले. सुनीलच्या टाक्या जन्मभर मिलमध्ये एका जागी उभ्या राहतात. त्यांना वळणं माहीत नाहीत. पाणी अडवायला आत एकही आडवा पत्रा नव्हता. भरलेली असताना पाण्याला हलायला जागाच नव्हती. ती जागा आम्ही तिघांनी मिळून सकाळी करून दिली होती.

पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि मागचं पाणी उजवीकडे धावलं. गाडी शेपटीकडून फिरली, तोंड दरीकडे करून तिरकी झाली, डांबर सोडून मातीत घसरली आणि थांबली. तिथे कठडा नव्हता. पूर्वी असावा, त्याचे दोन दगड शिल्लक होते. डाव्या खिडकीतून मला झाडांचे शेंडे दिसत होते. बुंधे दिसत नव्हते.

गाडी थांबली होती, पण पाणी थांबलं नव्हतं. खालून धप्प, मग थोड्या वेळाने पलीकडून धप्प, आणि प्रत्येक धक्क्याला गाडी इंचभर हलत होती. आम्ही श्वास रोखून ते शांत व्हायची वाट बघत बसलो. नवागामच्या गच्चीवरसुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. तिथे पाणी निदान दिसत होतं.

माय पलंगाच्या कडेला घट्ट धरून बसली होती. हळूच म्हणाली, "अर्धा हंडा कोनी डोकावर लेस का? मन्ही मती कोठे गयती?" अर्धा भरलेला हंडा डोक्यावर सगळ्यात वाईट, हे विहिरीवरच्या पोरीही जाणतात. तोल सांभाळू देत नाही तो. एवढं माहीत असून ती बाई सकाळी माझ्याशी भांडायच्या नादात विसरली आणि मी ब्रेकच्या भीतीत.

उजव्या दाराने एकेक करून आम्ही उतरलो. चाकांना दगड लावले. प्रकाशराव वाकून टाकीकडे बघत होते. ते म्हणाले, "थोडं पाणी काढू. पाव ठेवू..."

"पुरं काढ!" माय एवढ्या जोरात ओरडली की झाडावरचं पाखरू उडालं. आणि तिने स्वतः वाकून टाकीचा मागचा कॉक उघडला.

त्याने आणखी घात केला. रस्ता उताराचा, पाणी थेट पुढच्या चाकाकडे वाहत गेलं आणि चाकाखालची तांबडी माती विरघळायला लागली. मातीचा एक लोंदा सुटून खाली गेला. तो कुठे पडला त्याचा आवाज आला नाही. मी किंचाळून कॉक बंद केला.

मग आम्ही पाणी बादलीत धरलं. मी बादली भरायची, प्रकाशराव ती रस्त्यापलीकडच्या गटारात ओतून यायचे, आणि माय स्वयंपाकाचं मोठं पातेलं डोक्यावर घेऊन त्यांच्या मागोमाग जायची. नको म्हटलं तरी ऐकेना. पाणी ओतताना ती दरवेळी तोंड दुसरीकडे फिरवायची.

मधे एक जीप आली. ड्रायव्हर उतरला, कडेला जाऊन खाली बघितलं आणि लगेच मागे सरला. "दोरडुं नथी मारी पासे, काका. वघईथी कोईने मोकलुं छुं," म्हणाला, "पण माटी रहेशे नहि." दोर नव्हता त्याच्याकडे, वघईहून कोणाला तरी पाठवतो म्हणाला, पण माती तोवर टिकणार नाही, हेही सांगून गेला. फोनला रेंज नव्हती. पुढच्या चाकाखालच्या मातीत ओल आमच्या डोळ्यांदेखत वर चढत होती.

टाकी रिकामी झाली. प्रकाशराव म्हणाले, "तुम्ही दोघी पलीकडे उभ्या राहा. मी मागे घेतो. काहीही झालं तरी गाडीजवळ यायचं नाही. कळलं?"

ते एकटे आत बसले. मी पदर तोंडात धरला. इंजिन वाढलं, मागची चाकं गरगर फिरली, चिखल उडाला आणि गाडी मागे यायच्या ऐवजी पुढे सरकली. अगदी थोडी. एक हात असेल. डावं पुढचं चाक आता अर्धं हवेत होतं. ते थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती, ताठ.

ताकद मागच्या चाकांना होती आणि मागे आता वजनच राहिलं नव्हतं. ते आम्ही बादल्या बादल्यांनी गटारात ओतून आलो होतो.

मी मायला हे सांगायला वळले तर माय शेजारी नव्हती. ती रस्ता ओलांडून गाडीकडे चालली होती. मी धावत जाऊन तिला गाठलं. "कुठे चाललात?"

"पानीना जागे मी बठस," ती म्हणाली. पाण्याच्या जागी मी बसते.

तिने मागचं दार आवाज न करता उघडलं आणि चढली. काचेतून मला दिसलं की ती पलंगावर मांडी घालून, टाकीच्या बरोबर वर बसली आहे. केवढीशी ती. तिचं वजन ते किती? दोन बादल्यांचं. तेवढ्याने गाडी जागची हलली नसती.

मी तिथे उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मुलांची तोंडं डोळ्यांपुढे आली. ओरडून प्रकाशरावांना खाली बोलवावं, गाडी गेली तर जाऊ द्यावी, हेही मनात आलं. पण मी ओरडले आणि दचकून त्यांनी ब्रेकवरून पाय काढला तर? आणि आत माय होती. शेवटी मी कशी चढले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की दार लावताना ते वाजू नये म्हणून मी हात मधे घातला आणि बोट चेमटलं.

मी पलंगावर जाऊन तिला चिकटून बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. फक्त माझं मनगट धरलं. समोर प्रकाशरावांची मान, त्यापुढची काच, आणि काचेत नुसतं पांढरं. रस्ता नाही, झाड नाही, काही नाही. इंजिन वाढलं. गाडी आधी पुढे झुकली. माझ्या तोंडून आवाज निघणार होता, मी तो गिळला. मग मागच्या चाकांनी काहीतरी धरलं. पलंगाखालचा रिकामा पत्रा थडथडला, गाडी हिसका देऊन मागे आली, आणखी मागे आली, आणि चारही चाकं डांबरावर आली.

प्रकाशराव उतरले. आम्हाला शोधायला ते आधी रस्त्यापलीकडे गेले. "शोभा!" म्हणून त्यांनी हाक मारली. "माय!" पुन्हा हाक मारली. मी चेमटलेल्या हाताने काच वाजवली. मग त्यांनी वळून मागचं दार उघडलं आणि आम्हाला पलंगावर बसलेलं बघितलं. काही क्षण त्यांना काहीच समजलं नाही. समजलं तसे ते तिथेच रस्त्यावर खाली बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. आमच्या लग्नानंतर मी त्यांना रडताना प्रथमच बघत होते.

"गाडी निंघनी ना? मंग कसाले रडस, भाऊ?" माय म्हणाली. तिचा आवाज मात्र तिचा नव्हता. मग माझ्याकडे वळून, "तू कसाले ऊनी व?"

"तुमचं एकटीचं वजन पुरलं नसतं," मी म्हणाले.

गाडी हळूहळू घाट उतरायला लागली, एकदम सरळ, खालून एकही आवाज नाही. आम्ही दोघी होतो तिथेच बसून राहिलो. माझ्या मनगटावर तिचा हात तसाच होता आणि मी माझा दुसरा हात त्यावर दाबून धरला होता. घशाला कोरड पडली होती, पण वघई येईपर्यंत दोघींपैकी एकीनेही पाणी मागितलं नाही.